दोन्ही खांदे सारखे

९ सप्टेंबर

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला 'आम्ही सर्व कुशल' असं लिहायची पद्धत आहे, पण इथे सर्व म्हणजे मी एकटीच. तेव्हा मी कुशल. फोनवर तू "बरी आहेस ना?" आणि "ठेव, गिऱ्हाईक आलंय" यापलीकडे जात नाहीस, आणि मागे शिलाई मशीन चालूच असतं. म्हणून हे पत्र. लिहिलेलं दोनदा वाचता येतं, हे तुझंच म्हणणं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, थेट छपराखाली आहे. छप्पर उतरतं असल्यामुळे खोलीच्या अर्ध्या भागात उभं राहता येतं आणि उरलेल्या अर्ध्या भागात नम्र व्हावं लागतं. पहिल्या आठवड्यात दोनदा डोकं आपटलं. आता सवय झाली. पलंग, टेबल, एक कपाट, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. खालच्या मजल्यावर कोणीतरी पियानो शिकतंय. एकच सूर. टिंग, टिंग, टिंग, रोज सकाळी तासभर. शिकणाऱ्याच्या चिकाटीला दाद दिली पाहिजे, कारण तीन आठवड्यांत स्वारी दुसऱ्या सुरापर्यंत पोचलेली नाही.

शाळा चांगली आहे. नाटकातले कपडे बेतायला आणि शिवायला शिकवतात. वर्गात आम्ही नऊजणी. शिकवणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात मास्तरीणबाई म्हणते. उंच, बारीक, गळ्यात टेप, आणि नजर अशी की टाका वाकडा पडायच्या आधीच त्यांना कळतं. पहिल्याच दिवशी प्रत्येकीकडून एक चोळी शिवून घेतली आणि सगळ्या उलट्या करून पाहिल्या. माझ्या चोळीला बगलेत दीड इंच माया होती. तुझ्या हाताखाली शिकलेली मी, शिवणीच्या आत जादा कापड सोडल्याशिवाय माझी कात्री चालतच नाही. बाईंनी विचारलं, ही कोणाची? मी हात वर केला. नटी पहिल्या अंकापासून तिसऱ्या अंकापर्यंत जाड होणार आहे का, असं त्यांनी विचारलं. वर्ग हसला. मीही हसले. आपल्याकडे एक कपडा दहा वर्षं चालतो, मुलगी वाढते, बाळंतीण होते, कपड्याने तिच्याबरोबर वाढायचं असतं, हे सांगायला इथली भाषा मला पुरली नाही. इथे एक सेंटिमीटरच्या वर कापड सोडलं की गुण कापतात.

तुझी अट लक्षात आहे. थंडी संपेपर्यंत एक तरी माणूस जोडायचं, आजारी पडले तर निरोप धाडता येईल असं. नाही जमलं तर शिक्षण अर्धं टाकून परत यायचं. मी शब्द दिलाय, आणि मला जून संपेपर्यंत इथे राहायचंय, तेव्हा काळजी नसावी.

निघताना दारात जे बोलणं झालं ते इथे काढत नाही. तूही काढू नकोस.

तुझी
टाचणी

२१ ऑक्टोबर

ती. आत्यास,

सा. न. तुझं पत्र मिळालं. पोस्टकार्डावर साडेचार ओळी, त्यातल्या दोन मशीनच्या पट्ट्याबद्दल. पण पट्टा बदललास हे वाचून बरं वाटलं. औषधाच्या दुकानातल्या काकूंशी तुझा अबोला अजून तसाच असेल. सात वर्षं झाली ना? त्यांचं वजन वाढलं आणि दोष तुझ्या शिवणीला दिला, हे मला मान्य आहे, पण समोरासमोर दुकानं असताना दोघींनी सात वर्षं वेगवेगळ्या दिशांना बघत बसायचं म्हणजे मानेचं दुखणं ओढवून घ्यायचं.

तू विचारलंस, कोणी भेटलं का. भेटलं.

वर्गातच असते. मी तिला अबोली म्हणते, कारण बोलत नाही. अळीमिळी गुपचिळी. पण ऐकून घेते, आत्या. मी आपली भाषा आणि इथली भाषा यांची भेळमिसळ करून काय वाट्टेल ते सांगते आणि ती एकदाही मध्ये तोंड घालत नाही. ताठ उभी असते, कधी थकलेली दिसत नाही. माझ्या टेबलाशेजारीच तिची जागा आहे. मी सकाळी लवकर जाते तेव्हा ती आलेली असतेच.

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली घोळक्याने बाहेर जातात. त्या वाईट नाहीत. पहिल्या दिवशी मला बोलावलं होतं. त्यांच्या बोलण्याचा वेग असा की मी एका वाक्याचा अर्थ लावेपर्यंत त्या तीन विनोद पुढे गेलेल्या. मी चौथ्या विनोदाला पहिल्याचं हसले. दुसऱ्या दिवशी बोलावलं तेव्हा काम आहे म्हटलं. मग बोलावणं थांबलं. असो. अबोली आणि मी वर्गातच डबा खातो.

इथे थंडी पडायला लागली आहे. रस्त्यावर लोक खांदे कानापर्यंत उचलून चालतात. शिंप्याच्या नजरेला सगळं गाव चुकीच्या मापाचं दिसतं.

पियानो दुसऱ्या सुरावर गेला. मी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी ठेवल्या.

तुझी
टाचणी

२ डिसेंबर

ती. आत्यास,

सा. न. हे पत्र उशिरा लिहितेय, कारण मधे चार दिवस ताप होता. घाबरू नकोस, आता खणखणीत आहे. अबोली रोज यायची. गरम पाणी, औषध, सगळं बघितलं. तिनेच डोक्यावर ओली घडी ठेवली. तुझ्या अटीतलं 'आजारी पडले तर' हेही पार पडलं म्हणायचं.

तू लिहिलंस, अशा मुलीला रिकाम्या हातांनी कसं ठेवायचं, तिची मापं पाठव, जाकीट शिवून धाडते. आत्या, एवढा खटाटोप कशाला? डोळ्यांना त्रास होतो म्हणतेस आणि वर जाकीट घेऊन बसणार. पण तू एकदा कात्री उचललीस की कोणाच्या बापाचं ऐकत नाहीस. तर मापं घे. छाती छत्तीस, कंबर अठ्ठावीस, पाठीची उंची सोळा. खांदे आपल्या पद्धतीने दोन्ही वेगवेगळे मोजले. डावा पाच, उजवा पाच. उतार डावीकडे दीड, उजवीकडे दीड. बाही तेवीस, दोन्ही हातांना.

शाळेत आता कॉलरी चालू आहेत. मास्तरीणबाईंनी माझ्या हातशिलाईकडे बघून मान हलवली. ती चांगल्या अर्थाने होती असं मी धरून चालले आहे.

जास्त लिहीत नाही.

तुझी
टाचणी

२४ जानेवारी

ती. आत्या,

पार्सल मिळालं. चिठ्ठीही मिळाली. 'दोन्ही खांदे सारखे असलेली बाई मी एकतीस वर्षांत पाहिली नाही. लाकडाची असेल तर गोष्ट वेगळी.' एवढंच लिहिलंस, आणि खाली, 'थंडी संपायला अजून अवकाश आहे.'

मी दाराबाहेर जिन्यातच बसले.

खोटं बोलायचं ते कोणाशी, तर जिने आयुष्यभर माणसांचे खांदे मोजले तिच्याशी. उजव्या हाताने बादली उचलणाऱ्या बाईचा उजवा खांदा उतरतो, कडेवर मूल घेणारीची कंबर डावीकडून वर येते, हे मला आठव्या वर्षी तूच शिकवलंस. बाबांच्या मागे मी तुझ्याकडे आले तेव्हा पहिल्या दिवशी तू माझी मापं घेतलीस आणि म्हणालीस, डावा खांदा पाव इंच खाली, दप्तर त्याच खांद्यावर घेतेस ना? मी थक्क झाले होते. आणि आता त्याच तुला मी पाच-पाच, दीड-दीड लिहून पाठवते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी मूठ झाकली आणि आतली रिकामी जागा स्वतःच मोजून कळवली.

तू ओळखलंसच. अबोली म्हणजे माझ्या टेबलाशेजारचा, कपडे बेतायचा पुतळा. कमरेखाली लोखंडी दांडा आणि तीन चाकं. मी खरंच तिच्याशी बोलायचे, तेवढं खोटं नव्हतं. तापाचे चार दिवस खोलीत कोणी आलं नाही. पाणी संपलं की नळापर्यंत भिंत धरून जायचे. किती दिवस गेले तेही कळलं नसतं, पण खालून टिंग टिंग सुरू झालं की समजायचं, उजाडलं. ज्या सुराला मी हसत होते तोच चार दिवस ऐकत पडून होते.

कारण विचारशील. अट होतीच, पण खरं कारण अट नव्हे. निघताना दारात तू म्हणालीस, परमुलखात माणूस नसलं की हाल होतात गं. आणि मी म्हणाले, "इथे तरी माझ्याशी बोलायला कोण आहे? तू आणि ते मशीन." उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या कोटाचं बटण सैल होतं, ते उभ्या उभ्या पक्कं केलंस, दोरा दाताने तोडलास आणि आत गेलीस. तुझ्या मशीनच्या आवाजात मी पंधरा वर्षं झोपले आणि उठले, आणि तुला हे असं बोलून आले. त्यानंतर इथे कोणी नाही हे कोणत्या तोंडाने लिहिणार होते?

मला वाटलं होतं, तू परत बोलावशील. तू जाकीट पाठवलंस. लाकडाच्या बाईसाठी शिवलेलं, हे माहीत असताना.

आता पुढचं ऐक, आणि हे खरं आहे.

पार्सल आलं तेव्हा मी शाळेत होते. टपालवाल्याने ते खालच्या मजल्यावर दिलं. संध्याकाळी दार वाजलं, बाहेर पन्नाशीची बाई, केस आखूड, हातात पार्सल. ती पियानो शिकत नाही, आत्या. ती पियानो जुळवते. लोकांच्या घरी जाऊन बिघडलेले सूर ठीक करते आणि जुने पियानो स्वतःच्या खोलीत आणून दुरुस्त करते. मी पाच महिने तिची कीव करत होते की बिचारीला जमत नाही. हे तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं.

मग हसायची थांबली आणि म्हणाली, "तुम्ही नोव्हेंबरात आजारी होता का? चार दिवस वरून पावलांचा आवाज आला नाही. मी दोनदा अर्ध्या जिन्यापर्यंत आले. ओळख नाही, उगीच कशाला, म्हणून परत गेले."

मी सांगितलं, हो, होते.

ती म्हणाली, "यायला हवं होतं मी."

यावर मला रडू आलं. तुझी चिठ्ठी हातात, पार्सल अर्धं फाडलेलं, आणि मी परक्या बाईसमोर नाक ओढतेय. तिने जाकीट उचललं, उलगडलं, निळा रंग बघून तोंडाने हळूच शीळ घातली आणि सरळ अंगात घालायला गेली. उजव्या बाजूला लोंबलं, डावीकडे ताणलं, आणि छातीवर बटण बोटभर दूर राहिलं. हत्यारांची पेटी ती वीस वर्षं उजव्या खांद्यावर वाहते. तो खांदा पाऊण इंच खाली आहे. मला टेपही लागला नाही.

मी जाकीट उलटं केलं. बगलेत, पाठीत, खांद्यांवर, बाहीत, प्रत्येक शिवणीत दोन-दोन इंच माया. एवढी तू कोणालाच सोडत नाहीस, वाढत्या मुलींनासुद्धा नाही. आणि आत कॉलरीपाशी गिऱ्हाइकाच्या नावाची पट्टी कच्च्या टाक्यांनी लावलेली, कोरी.

तू हे अबोलीसाठी शिवलंच नव्हतंस. जी कोणी भेटेल तिच्यासाठी शिवलं होतंस.

पुढचं नंतर लिहिते. आता उसवायला बसायचंय.

टाचणी

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. सूरवालीचं जाकीट पुरं झालं. मी तिला सूरवाली म्हणते आणि ती मला, तिच्या भाषेत, वरची म्हणते. चार रविवार लागले. दुपारी मी खाली जायचे. तिच्या खोलीत एक पियानो पोट उघडून उभा असतो, त्याच्या तारांवर मी उसवलेले दोरे ठेवायचे नाहीत एवढा एकच नियम. ती तिचं काम करते, मी माझं. दोघींचाही रोजगार कानोसा घेण्याचा, ती तारेचा घेते आणि मी कापडाचा. बोलणं कधी होतं, कधी होत नाही. तासभर कोणी बोललं नाही तरी वाईट वाटत नाही. मशीनच्या बाजूला बसून वाढलेल्या मुलीला हे आधीच कळायला हवं होतं. तुझ्या शेजारी बसून आपण दोघी गप्पच असायचो, आणि मी त्याला कोणी नसणं म्हणत होते. आत्या, मी चुकले. मला माफ कर.

ती मला दुकानात घेऊन जाते आणि माझ्या चुका तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर दुरुस्त करते. सूर चुकला की तिला राहवत नाही. त्यामुळे माझी भाषा बरीच सुधारली. परवा वर्गातल्या मुलींच्या दुसऱ्याच विनोदाला मी वेळेवर हसले. मग त्यातली एक, जी नेहमी दोरा तोंडात धरून बोलते, तिने डबा उचलला आणि माझ्या टेबलावर आणून उघडला. मी अबोलीला जरा बाजूला सरकवलं. तिला चाकं आहेत, ती रुसली नाही.

जाकीट मी शाळेत नेलं होतं. मास्तरीणबाईंनी ते आधी उलटं केलं. खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं, मी कुठवर उसवलं आणि आता आत किती उरलंय ते बघितलं. कोणी शिवलं, विचारलं. मी म्हटलं, माझ्या आत्याने. मग या वेळी सगळं सांगितलं, दहा वर्षं चालणारा कपडा, वाढणारी मुलगी, सगळं. भाषा पुरली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की नाटकाच्या कपड्याला एक सेंटिमीटरच. पण जाकीट दिवसभर स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतलं.

तर तुझी अट पुरी झाली. थंडी अजून दोन आठवडे आहे, मी आधीच पोचले. काल घसा धरला होता. सकाळी सूरवालीने खालून छताला काठीने दोनदा ठोकलं, मी वरून टाचेने दोनदा. एकदा ठोकलं तर ये, दोनदा म्हणजे ठीक आहे, असं आमचं ठरलंय. कोऱ्या पट्टीवर तिचं नाव मी लाल दोऱ्याने काढलं. मापं वहीत लिहून ठेव. छाती अडतीस. कंबर एकतीस. डावा खांदा पाच, उजवा पावणेपाच. उतार डावीकडे दीड, उजवीकडे सव्वादोन. उजवी बाही अर्धा इंच जास्त. बघ, माणूस आहे की नाही?

आता एक काम तुझ्याकडे. जूनच्या परीक्षेला प्रत्येकीने एका जिवंत माणसासाठी एक पूर्ण कपडा शिवायचा आहे. मी तुझं नाव दिलंय.

पण तुझी मापं माझ्याकडे नाहीत. विचार करत बसले, तर लक्षात आलं, एकतीस वर्षांत तुझी मापं कोणी घेतलेलीच नाहीत. तू स्वतःचे कपडे जुन्या कपड्यावरून बेततेस आणि अंदाजाने सैल ठेवतेस. पाठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही, टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच. मी तिथे असताना एकदाही धरलं नाही. आता मी नाही. म्हणजे तूही सध्या चार दिवस आजारी पडलीस तर भिंत धरूनच पाण्यापर्यंत जाणार, हे मला या थंडीत पहिल्यांदा कळलं.

म्हणून आता माझी अट. थंडी संपेपर्यंत तुझी मापं हवीत, दुसऱ्या माणसाने घेतलेली. समोर औषधाच्या दुकानातल्या काकू आहेत. टेप घेऊन रस्ता ओलांड. काय बोलावं सुचलं नाही तर बोलू नकोस, हात वर करून पाठमोरी उभी राहा. त्या शहाण्या आहेत, घेतील.

आणि आत्या, दोन्ही खांदे सारखे लिहून पाठवलेस, तर मला कळेल.

वाट बघतेय.

तुझीच
टाचणी